जिप्सम बोर्डचे जोड रंगातून दिसतायत, काय करू?

प्रश्न: हॉलमध्ये जिप्सम बोर्डचं पार्टिशन केलंय, पेंटरने जोडांवर नुसती पुट्टी ओढून रंग दिला आणि आता उभ्या रेघा दिसतायत, एके ठिकाणी तडा पण गेलाय. परत पुट्टी मारली तर चालेल का?

उत्तर: नाही ताई, नुसत्या पुट्टीने तडा परत येणार, कारण बोर्ड थोडे हलतात आणि पुट्टीला तो ताण झेपत नाही, तिथे टेप लागतेच. जोडावरची पुट्टी खरवडून काढा, सुटलेले स्क्रू घट्ट करा, डोकं कागदाच्या किंचित आत बसलं पाहिजे पण कागद फाटता कामा नये. मग जॉइंट कंपाउंडचा (बोर्डचे जोड भरायची खास पेस्ट) पातळ थर, त्यात ५० मिमीची पेपर टेप दाबून बसवायची, खाली हवा राहिली तर फुगा येतोच. जाळीची टेप चिकटवायला सोपी असते पण सपाट जोडांना मला पेपरच भरवशाची वाटते.

वर कंपाउंडचे अजून दोन हात, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद, शेवटचा साधारण ३०० मिमी, कडा अगदी शून्यावर आणायच्या. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात जास्तच वेळ लागतो, इथे पेंटर घाई करतात ती करू देऊ नका! मग १५० किंवा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, बोर्डचा कागद खरवडू नका. रात्री भिंतीला चिकटून टॉर्च मारा, उंचवटे लगेच कळतात. प्रायमर अख्ख्या भिंतीला लावा, नाहीतर जोड आणि कागद रंग वेगवेगळा शोषतात आणि पट्टे दिसतात. रंग मॅट घ्या, ग्लॉसीत सगळं उठून दिसतं.