ओहायोतील शेरीफच्या लिलावातून घर घ्यावे का?

प्रश्न : माझा मुलगा आणि सून ओहायो राज्यातील कोलंबस शहरात भाड्याच्या घरात राहतात. कर्ज थकल्यामुळे फ्रँकलिन काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) शेरीफने, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधिकाऱ्याने, लिलावात काढलेले एक घर त्यांच्या पाहण्यात आले आहे. त्याचे मूल्यांकन 1,80,000 डॉलर असून किमान बोली 1,20,000 डॉलर आहे. त्यांचे हे पहिलेच घर असेल आणि काही रक्कम मी पाठवावी अशी त्यांची इच्छा आहे. आपल्याकडे बँका थकबाकीदारांच्या घरांचे लिलाव करतात, तसाच हा प्रकार आहे का? शिवाय ज्यांचे घर गेले त्यांचा तळतळाट लागेल, अशी भीती माझ्या पत्नीला वाटते. आपले मत कळवावे. – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : माझे मत आधीच सांगतो. पहिले राहते घर म्हणून, आणि तेही आईवडिलांच्या बचतीच्या आधारावर, हे घर शेरीफच्या लिलावात घेऊ नये. तेच घर पुढे बँकेकडून घेता येण्याची शक्यता असते आणि त्या वाटेने थोडे जास्त पैसे पडले तरी ते देणे शहाणपणाचे ठरते.

आपल्याकडे 2002 च्या सरफेसी कायद्यानुसार बँक न्यायालयात न जाता घराचा ताबा घेऊन स्वतःच लिलाव करू शकते. ओहायोत मात्र बँकेला काउंटीच्या कॉमन प्लीज न्यायालयात दावा लावून निकाल मिळवावा लागतो आणि त्यानंतर न्यायालयाच्या आदेशावरून शेरीफ विक्री करतो. त्यामुळे सर्वांत मोठी बोली आपली ठरली तरी न्यायालय ती विक्री कायम करेपर्यंत घर आपले होत नाही. तोपर्यंत मूळ मालक निकालाची रक्कम, व्याज आणि खर्च भरून घर सोडवून घेऊ शकतो. तसे झाले तर आपले पैसे परत मिळतात, पण तोवर भाड्याच्या घराचा करार संपवून बसलेल्या कुटुंबाची पंचाईत होते.

किमान बोलीचा आकडा पाहून 60,000 डॉलर वाचले असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु ती सवलत नव्हे. तीन मूल्यांकनकारांनी ठरवलेल्या किमतीच्या दोन तृतीयांशांखाली पहिल्या लिलावात बोली स्वीकारत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. घर बंद असेल किंवा आतले लोक दार उघडत नसतील, तर हे मूल्यांकन पुष्कळदा बाहेरूनच होते. बोली लावणाऱ्यालाही आत जाऊन पाहण्याचा हक्क नसतो. पहिल्या लिलावात घर गेले नाही, तर दुसऱ्यात ही किमान मर्यादा राहत नाही. मात्र आलेल्या रकमेतून दाव्याचा खर्च आणि मालमत्ता कर भागत नसेल, तर उरलेला भार खरेदीदारावर पडू शकतो.

आतून न पाहण्याचा धोका कोलंबसच्या थंडीत फार मोठा असतो. रिकाम्या घराचा गॅस आणि वीज तोडलेली असते, जानेवारीत भिंतींतल्या नळांमधले पाणी गोठते आणि नळ फुटतात. हे बाहेरून दिसत नाही. किल्ली हातात आल्यावर पाणी सुरू करावे, तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीतून पाणी झिरपू लागते, खाली तळघरात साचते आणि काही दिवसांत भिंतींवर काळी बुरशी चढते. तांब्याच्या नळ्या किंवा घर गरम ठेवणारी भट्टीच (फर्नेस) चोरीला गेल्याचेही अशा घरांत आढळते. हा सारा खर्च खरेदीदाराचा, कारण शेरीफ कशाचीही हमी देत नाही.

पैशांचे वेळापत्रकही कडक आहे. 10,000 डॉलरपेक्षा जास्त आणि 2,00,000 डॉलरपर्यंत मूल्यांकन असलेल्या घरासाठी 5,000 डॉलर अनामत भरावी लागते आणि विक्री कायम झाल्यापासून 30 दिवसांत उरलेली रक्कम द्यावी लागते. न दिल्यास अनामत जाते आणि न्यायालय अवमानाची कारवाईही करू शकते. आत न पाहिलेल्या घरावर बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत, म्हणजे सगळी रक्कम रोख तयार हवी. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार आपण एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवू शकता, परंतु ठरावीक मर्यादेपलीकडे बँक त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापते. तो विवरणपत्रात जमा धरता येतो, तरी तूर्त तेवढे पैसे अडकतात, हे हिशेबात धरावे.

मालकी हक्काची तपासणी वकिलाकडून किंवा टायटल कंपनीकडून करून घेतल्याशिवाय बोली लावूच नये. ज्यांना दाव्यात प्रतिवादी केले होते, त्यांचेच बोजे निकालाने सुटतात. एखादा धनको वगळला गेला असेल, तर त्याचा बोजा घरावर राहू शकतो. घरावर अमेरिकेच्या केंद्रीय आयकर खात्याचा बोजा असेल, तर विक्रीनंतरही 120 दिवस त्या खात्याला घर सोडवून घेण्याचा हक्क असतो. घरात खरोखरीचा भाडेकरू असेल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार त्याला निदान 90 दिवसांची नोटीस द्यावी लागते.

आपल्या पत्नीची शंका मी मुळीच हलकी मानत नाही. 2008 च्या सुमारास याच राज्यातील क्लीव्हलंडमध्ये गल्लीच्या गल्ली ओस पडल्या होत्या आणि प्रत्येक घरामागे एक मोडलेला संसार होता. तरीही बोली लावणाऱ्यामुळे कोणाचे घर जात नाही; ते थकलेल्या कर्जामुळे आणि न्यायालयाच्या निकालामुळे जाते. उलट, बोली चांगली आली तर कर्ज आणि इतर बोजे फिटून उरलेली रक्कम मूळ मालकाला मिळते. मात्र आत मुलेबाळे राहत असतील आणि त्यांना बाहेर काढण्याचा आदेश आपल्या मुलाला मागावा लागणार असेल, तर ते त्याच्या मनाला पेलेल का, हे त्यांनी दोघांनी बसून ठरवावे. हा विचार करणे मला भाबडेपणाचे वाटत नाही.

पुष्कळदा अशा लिलावात कर्ज देणारी बँकच आपल्या येणे रकमेच्या आधारे बोली लावून घर घेते आणि नंतर एजंटामार्फत विक्रीस काढते. तेव्हा घर आतून पाहता येते, तपासनीस नेता येतो, गृहकर्ज आणि मालकी हक्काचा विमा (टायटल विमा) मिळू शकतो आणि घर बहुधा रिकामे असते. म्हणून चिरंजीवांनी या घराच्या दाव्याचा क्रमांक घेऊन काउंटीच्या न्यायालयीन लिपिकाच्या संकेतस्थळावर कागद पाहावेत आणि लिलावाच्या दिवशी बोली न लावता घर कोणाकडे जाते एवढेच टिपून ठेवावे. ते बँकेकडे गेले, तर त्या बँकेची घरे विकणारा एजंट कोण हे शोधून त्याला आतापासूनच गाठावे.