चंदेरी स्पीडस्टर आणि आपला मिस्त्री

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर दाखवलेली चंदेरी स्पीडस्टर, ती उघड्या टपाची दोन सीटची गाडी, अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पोर्शे ३५६ ची नक्कल, तीसेक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये कुणीतरी जीव लावून बांधलेली. गाडी देखणी आहे, वादच नाही. पण जाता जाता तू म्हणालास, "काका, पासिंगचं एजंट बघून घेतो म्हणतो," आणि मला रात्री झोप आली नाही. बयाणा देण्याआधी एवढं वाच.

कायद्याचं आधी संपवतो. वापरलेली गाडी बाहेरून आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली लागते. व्हिंटेज म्हणून आणायची तर पन्नास वर्षांपुढची. तुझी तीसेक वर्षांची, म्हणजे दोन्ही दारं बंद. कोरी बांधून मागवलीस तर ती नवी गाडी ठरते. मग तिला केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी लागते, आणि एका गाडीसाठी तो व्याप कोण करणार? वर ड्युटी आणि कर धरून किंमत दुपटीच्या पुढे जाते. एजंट नेमकं काय बघून घेणार आहे, ते त्याच्याकडून कागदावर लिहून माग. तो लिहून देणार नाही.

आता माझ्या मनातलं. रेप्लिका, म्हणजे अशी नक्कल, ही मुळात घराजवळ बनवायची वस्तू आहे. कॅलिफोर्नियात स्पीडस्टरची बॉडी फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर चढवली गेली, कारण तिथे जुन्या बीटल मुबलक आणि स्वस्त होत्या. इंग्लंडमध्ये कित्येकांनी हेच ट्रायम्फ हेरल्ड गाडीच्या चॅसीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर केलं, कारण भंगारात हेरल्ड पडून होत्या. १९५७ ची लोटस सेव्हन सुट्या भागांत विकली जायची. घरी जोडली की खरेदीवरचा कर वाचायचा. १९६२ ची मूळ कोब्रा स्पोर्ट्स कारसुद्धा इंग्लंडच्या एसी कंपनीच्या गाडीत अमेरिकन रेसर कॅरोल शेल्बीने फोर्डचं व्ही-एट इंजिन बसवून उभी केलेली. ज्याच्या त्याच्या आवारात जे होतं, त्यातून हे घडलं. अस्सल पोर्शेला वंशावळ असते: पहिला मालक कोण, इंजिन नंबर जुळतो का. नकलेजवळ यातलं काही नसतं. तिची सगळी किंमत ती बांधणाऱ्या हातांत असते. ते हात आपल्या गावचे का नसावेत?

आपल्याकडे जमत नाही असं म्हणू नकोस. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचं इंजिन घेऊन एका सीटच्या रेसिंग कार बांधल्या, त्यातून फॉर्म्युला मारुती ही शर्यतींची मालिका उभी राहिली आणि नारायण कार्तिकेयन त्यात हात बसवून पुढे फॉर्म्युला वनपर्यंत गेला. आपल्या अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर काढली. बॉडी फायबरची आणि इंजिन अ‍ॅम्बेसेडरमध्ये यायचं तेच १.८ लिटरचं इसुझू.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्नेह्यासाठी मी बाहेरून फायबरच्या बॉडीचा सेट मागवला. पेटी आली, आम्ही पेढे वाटले. बॉडी चॅसीवर ठेवली तर उजवं दार दीड बोट खाली बसायचं. तीन पत्रं लिहिली. उत्तर एकच आलं: तुमची चॅसी वाकडी असेल. शेवटी आपल्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या डेंटरला, पत्रा ठोकणाऱ्या मिस्त्रीला, बोलावलं. तो आला, काही न बोलता बिडी विझवली आणि चॅसीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारख्या दोन सुतळ्या ताणल्या. गाठ मारून दोन्ही शेजारी धरल्या. सारख्या भरल्या. "चॅसी सरळ हाय भाऊ, साचाच वाकडा हाय," एवढं बोलून त्याने पुठ्ठा मागितला. दाराच्या फटीचा नमुना कापला, बिजागरीची जागा पाडली आणि फायबरची नवी मॅट चढवली. तेही पहाटे पाचला, कारण मे महिन्यात उन्ह चढलं की हार्डनर घातलेलं रेझिन वाटीतच गोठतं. ज्यांनी तो साचा बनवला त्यांना ४५ अंशांचं ऊन म्हणजे काय हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पुढच्याच उन्हाळ्यात बॉनेटची कड लवली आणि रेडिएटरही अपुरा पडला. दोन्ही त्यानेच निस्तरलं.

तो मिस्त्री अजून तिथेच आहे. फेब्रुवारी सरला की कूलरच्या टाक्या ठोकतो, पावसाळ्यात स्कूलबसचे कुजलेले पत्रे बदलतो. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून मोगरीने असा फुगवटा काढतो की मडगार्डला पुट्टी लागू नये. मुलगा मात्र हे शिकला नाही, पार्सलं पोचवतो. मागच्या महिन्यात मला म्हणाला, "भाऊ, पत्रा कुठं बी भेटते. असं काम नाही भेटून राहिलं." हे ऐकून मला फार वाईट वाटलं. हात कामावर तयार होतात, आणि आपण काम बोटीने बाहेरून आणतो.

पण तुला अंधारात ठेवणार नाही. इथे बांधून घेतलेली रेप्लिकाही रस्त्यावर आणणं सोपं नाही. कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात बदल करू नये असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये ते पक्कं केलं. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने छोट्या कारखानदाराला वर्षाला ३२५ रेप्लिका बनवायची मुभा दिली. अशी वाट आपल्याकडे निघावी असं मला मनापासून वाटतं. तोवर जुन्या आरसी बुकावर नवी गाडी चढवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या दारात उभा राहू नकोस.

मग करायचं काय? स्पीडस्टरचं वेड जायचं नसेल तर ती खासगी आवारात आणि ट्रॅकवर चालवायची म्हणूनच बांध. ब्रेक, चाकांचे हब आणि स्टीअरिंग यांचा पूर्ण संच एकाच डोनर गाडीचा, म्हणजे भाग काढायला घेतलेल्या एकाच जुन्या गाडीचा घे. तिथे कुणाचीही कल्पकता नको. वेल्डर निवडताना नळीच्या दोन तुकड्यांचा जोड करायला सांग आणि तो व्हाईसमध्ये धरून हातोड्याने वाकव. नळी वाकली पाहिजे, जोड उघडता कामा नये. आपल्या मिस्त्र्यांचं दुखणंही ठाऊक असू दे: ते तोंडी अंदाज सांगतात, ड्रॉइंग ठेवत नाहीत, दिवाळीची तारीख होळीवर नेतात. म्हणून मापं तू कागदावर उतरव. पैसे टप्प्याटप्प्याने दे, पण ठरल्या दिवशी दे. पाचशे रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्याचं काम ते मागे टाकतात आणि त्यात त्यांची चूक नाही.

मात्र त्याआधी महाल भागातल्या तुमच्या वाड्यात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या आजोबांच्या हेरल्डकडे बघ. मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड, पन्नाशी कधीच ओलांडलेली. तिच्यावर नक्कल चढवायचा विचार मनात आणू नकोस. चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळचं राहिलं तर २०२१ च्या नियमांनुसार ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नोंदणी दहा वर्षांची असते. रोज फिरवता येत नाही, पण रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. त्या मिस्त्रीच्या हाताला साजेसं याहून चांगलं पहिलं काम मला दिसत नाही. तू शेजारी बसून शिक. ती चालू झाली की मग दोघं मिळून स्पीडस्टरचा साचा काढा.

रविवारी मी त्याला घेऊन वाड्यावर येतो, सातच्या आत, उन्ह चढायच्या आधी. तू आदल्या दिवशी ताडपत्री काढून ठेव आणि चाकांखाली दोन्हीकडून विटा लाव. हेरल्डच्या चॅसीला बाजूला निघालेले हात असतात, गंज पहिल्यांदा तिथे धरतो. स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघू. आजोबांचं आरसी बुक सापडलं तर तेही काढून ठेव.

तुझा काका
धरमपेठ, नागपूर