रोलर कॅम की चपटे टॅपेट?

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो. मुलाने व मी १९७२ सालच्या शेव्हरोले पिकअपचे ३५० क्युबिक इंचाचे इंजिन उघडले, तेव्हा कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याचे) दोन लोब, म्हणजे त्यावरचे उंचवटे, झिजलेले निघाले. गाडी आठवड्यातून एकदाच चालते. नवा कॅम पूर्वीसारखाच चपट्या टॅपेटचा (लोबवर घासत त्याची हालचाल व्हॉल्व्हकडे पोचवणाऱ्या तुकड्याचा) घ्यावा की रोलरचा, म्हणजे तळाशी चाक असलेल्या टॅपेटचा?

उत्तर : खर्च झेपत असेल तर रोलरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चपट्या टॅपेटचा तळ प्रत्यक्षात किंचित फुगीर असतो आणि लोबला बारीकसा उतार असतो; त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज एका जागी साठत नाही. हे फिरणे थांबले की लोब बघता बघता खलास होतो आणि त्याचा चुरा ऑइलबरोबर बेअरिंगांपर्यंत जातो. शिवाय या घर्षणाला जस्त-फॉस्फरसयुक्त ऑइल लागते. फॉस्फरसमुळे गाडीचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या २००४ च्या एसएम श्रेणीपासून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ऑइलांत त्याचे प्रमाण ०.०८ टक्क्यांपर्यंतच ठेवलेले असते. रोलरला ही चिंता जवळपास नाही, आणि त्याचा लोब व्हॉल्व्ह अधिक झपाट्याने उघडू शकतो.

मात्र नुसता कॅम बदलून भागणार नाही. शेव्हरोलेने मोटारींच्या या इंजिनात रोलर १९८७ पासून दिले. तुमच्या जुन्या ब्लॉकमध्ये रोलर सरळ धरून ठेवण्याची सोय नाही. त्यामुळे दांडीने जोडलेले जोडीचे लिफ्टर (म्हणजे टॅपेटच), आखूड पुशरॉड (टॅपेटची हालचाल वर पोचवणाऱ्या कांड्या) आणि कॅमला जुळणाऱ्या स्प्रिंगा घ्याव्या लागतील. रोलरच्या लोबला उतार नसल्याने कॅम पुढे सरकतो, तो रोखायला पुढच्या बाजूस थ्रस्ट बटण हवे. कॅम पोलादी असेल तर त्यावर फिरणारे डिस्ट्रिब्युटरचे (ठिणगी वाटणाऱ्या भागाचे) गिअर त्याला चालणाऱ्या धातूचे आहे ना, हे विक्रेत्याला आवर्जून विचारा.

चपटेच घेतलेत तर लोबवर मॉलीची (मॉलिब्डेनम डायसल्फाइडची) पेस्ट लावा, आणि इंजिन सुरू होताच आयडलवर (रिकाम्या मंद वेगावर) न ठेवता वीस-तीस मिनिटे २,००० ते २,५०० आरपीएमवर, वेग थोडा कमीजास्त करत चालवा. जुने टॅपेट नव्या कॅमवर मुळीच बसवू नका. आणि कोणताही कॅम घेतलात तरी आधी बेअरिंगे उघडून पाहा, कारण त्या दोन लोबांचा चुरा इंजिनातच कुठेतरी अडकलेला असणार.