घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच आहे. ठाण्यात ओळखी नाहीत, मार्गदर्शन कोणाकडे मागावे?

सर्वप्रथम आपल्याच विभागातील, एक-दोन वर्षे पुढे असलेल्या विद्यार्थ्यांकडे मागावे, आणि त्यांची गाठ पडण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे कॉलेजचे राष्ट्रीय सेवा योजनेचे (एनएसएस) पथक, जिथे सगळ्या वर्षांचे विद्यार्थी मिळून समाजसेवेचे उपक्रम करतात. महाविद्यालयाच्या कार्यालयात अनेक वर्षे शिष्यवृत्तीचे अर्ज तपासताना माझ्या लक्षात आले, की ज्यांच्या घरी पूर्वी कोणी पदवीपर्यंत शिकलेले नसते त्यांचे नुकसान बहुधा अभ्यासात होत नाही, तर कोणीतरी वेळेवर सांगायला हवी होती अशी एखादी लहानशी गोष्ट राहून गेल्यामुळे होते: दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘सुनीता’ आणि आधारवर ‘सुनिता’, बँक खाते आधारशी न जोडलेले, किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा. खुल्या प्रवर्गासाठीची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असल्यास मिळू शकते, आणि तिचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करावा लागतो. तो भरण्यापूर्वी खिडकीवरील लिपिकाला कागद दाखवावेत. (त्यांचा त्रासिक चेहरा मनावर घेऊ नये, जूनपासून तेच प्रश्न ऐकत असतात.) ओळखी वाढवण्यासाठी एका प्राध्यापकांना तासानंतर नेमका एक प्रश्न विचारावा, पुढे शिफारसपत्राची वेळ येते तेव्हा चेहऱ्याने ओळखणारे शिक्षक लागतात. मात्र शिष्यवृत्तीचे निकष प्रवर्ग आणि अभ्यासक्रमानुसार बदलतात, त्यामुळे त्या बाबतीत वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या सांगण्यावर न विसंबता चालू वर्षाची सूचना स्वतः वाचावी.