उःशाप मिळाला, मग पुढे काय?

प्रश्न: ताई, मी दोन वर्षं एक डार्क फँटसी कादंबरी लिहितेय. हिरॉइन सात वर्षं एका मांत्रिकाच्या गढीत कैदेत असते, तिची सावली त्याने बांधून ठेवलेली असते. सेनापती हिरो तिला सोडवतो, प्रेम जमतं, विसाव्या चॅप्टरला पहिला किस आणि चोविसाव्याला ती पूर्ण बरी. मैत्रिणीने ड्राफ्ट वाचला, म्हणाली गढीतला भाग वाचून झोप उडाली पण पुढचं सगळं खोटं वाटतं. नक्की कुठे चुकतंय?

उत्तर: चोविसाव्या चॅप्टरला, असं पटकन म्हणणार होते, पण खरं तर गढीचं दार उघडतं तिथेच चुकलंय. तू शाप आणि ट्रॉमा (म्हणजे मनावर बसलेला खोल घाव) एकच धरलेस. शापाला उःशाप असतो, अट पुरी झाली, सावली सुटली, विषय संपला. ट्रॉमाचं तसं नसतं गं, माणूस गढीतून बाहेर येतो पण त्याच्या अंगाला ते कळायला फार वेळ लागतो, पावलांचा आवाज आला की ती अजून दचकणार, पाठ भिंतीला लावूनच बसणार, आणि छान चाललेल्या दिवशी अचानक हातपाय गार पडणार.

आणि फ्लॅशबॅक म्हणजे तिरप्या अक्षरातली चार पानं नव्हेत हं (हे मी प्रत्येक दुसऱ्या ड्राफ्टमध्ये बघते). अशी आठवण बहुतेक वेळा सलग गोष्टीसारखी येत नाही, तुकडे येतात, एखादा वास, एखादा आवाज. समज मांत्रिकाच्या कपड्यांना ओल्या राखेचा वास यायचा. मग शंभर पानांनी कुणीतरी शेकोटीवर पाणी ओततं आणि ती वाक्य अर्धवट सोडून गप्प होते. बस, एवढंच लिही, वाचक राखेवरून बरोबर ओळखतो.

ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ साली सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षित वाटणं, मग जे झालं ते आठवून त्याचा शोक करणं, मग पुन्हा माणसांत येणं. तू पहिले दोन गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारलीस. बरं हे टप्पेही जिन्यासारखे सरळ नसतात, दोन पायऱ्या चढून झाल्या की ये रे माझ्या मागल्या, आणि ती घसरण लिहिलीस की मैत्रिणीला खोटं वाटणार नाही.

मग रोमान्स कुठे, असं विचारशील. तो या सगळ्याच्या आतच आहे ना! सेनापती तिला आतून कडी असलेली खोली देतो. रात्री ती तीनदा उठून कडी चाचपते, बाहेर पहाऱ्यावर त्याला तो लोखंडाचा खट् असा आवाज तीनदा ऐकू येतो. तो आत येऊन ‘घाबरू नकोस, मी आहे ना’ म्हणत नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून तिच्या खोलीकडे येताना मुद्दाम पाय आपटत येतो, तलवार उंबऱ्याबाहेर ठेवतो आणि आत येऊ का विचारून ती ‘नको’ म्हणाली तर खरंच परत जातो. पुढे एका रात्री कडी दोनदाच वाजते. मला तरी तो किसपेक्षा मोठा सीन वाटेल. तो तिचा वैद्य नाही, तिने सांगितलं तर ऐकून घेणारा आणि पळून न जाणारा माणूस आहे. तिला एखादी मैत्रीण, एखादं काम, राग काढायला एखादी जागा पण दे की, सगळं ओझं त्या बिचाऱ्या सेनापतीवर कशाला?

प्रश्न: कैद करणाराच हिरो असेल तर? मला तसंच वाचायला आवडतं आणि लिहायलाही, पण सगळे म्हणतात हे स्टॉकहोम सिंड्रोम आहे.

उत्तर: आवडतं त्यात लाज कसली, पुस्तक आपल्या हातात असतं, मिटलं की गढी बंद. ते नाव पडलं ऑगस्ट १९७३ मधल्या स्टॉकहोमच्या बँक दरोड्यावरून, चार कर्मचारी सहा दिवस ओलीस होते आणि नंतर दरोडेखोरांचीच बाजू घेऊन बोलले. पण ते अधिकृत निदान नाही, लोक कुठेही चिकटवतात. मी वेगळं विचारेन, तिला ‘नाही’ म्हणता येतं का आणि म्हटलं तर काय होतं? १७५६ साली छापलेल्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या परीकथेत एक पशू त्याच्या महालात अडकलेल्या ब्यूटीला रोज रात्री लग्नाचं विचारतो, ती रोज नाही म्हणते, तो उसासा टाकून निघून जातो, आणि शेवटी तिला घरीही जाऊ देतो. ती परत येते ती स्वतःच्या पायांनी (तो दुःखाने मरेन म्हणून सांगतो, ते प्रेशर आहेच, पण तरी). तुझ्या हिरोने दार उघडलं नाही, ‘नाही’ची शिक्षा दिली आणि मग एक दिवस गोड वागला, तर ते प्रेम म्हणून विकू नकोस, भयकथा म्हणून लिही, जबरदस्त होईल.

प्रश्न: माझं जग राजे आणि तलवारींच्या काळातलं आहे. तिथे ‘ट्रॉमा’ शब्द कसा वापरू?

उत्तर: वापरूच नको. पीटीएसडी, म्हणजे ट्रॉमानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या अधिकृत यादीत आलं १९८० साली, त्याआधी काय लोकांना होत नव्हतं? पहिल्या महायुद्धात त्याला शेल शॉक म्हणायचे, अमेरिकन यादवी युद्धानंतर सोल्जर्स हार्ट, म्हणजे सैनिकाचं काळीज. तुझ्या जगातल्या म्हाताऱ्या सैनिकांनी पण काहीतरी नाव ठेवलं असेलच, ते शोध.

प्रश्न: मी स्वतः एका वाईट नात्यातून बाहेर पडलेय. अशा कादंबऱ्या वाचून कधी हलकं वाटतं, कधी श्वासच अडकतो. वाचू की नको?

उत्तर: वाच, पण तुझ्या स्पीडने. सुरुवातीचा कंटेंट वॉर्निंगचा भाग (पुढे कोणते त्रासदायक प्रसंग आहेत ते सांगणारा) बघ, शेवट आधी वाचायचा असेल तर खुशाल वाच, प्रसंग सोडून दे, कुणी परीक्षा घेणार नाहीये. श्वास अडकला की पुस्तक बाजूला ठेवून दिसणाऱ्या पाच वस्तू मोज, मग हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव, याने बऱ्याच जणांना आत्ताच्या क्षणात परत यायला मदत होते. पण वाईट स्वप्नं, दचकणं, माणसं टाळणं हे महिन्याच्या वर चालूच असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा थेरपिस्टला भेट, आणि स्वतःला काही करून घ्यावंसं वाटत असेल तर महिन्याची वाट न बघता आजच. कादंबरी सोबत करते गं, उपचार नाही करत. आणि हो, दार उघडं असताना मी आधीच का नाही पळाले असं मनात येत असेल तर ऐक, धोक्यात अंग गोठून जातं ते आपण ठरवून नसतं. दोष तुझा नाही.

प्रश्न: शेवटी हिरोने जादूने तिच्या वाईट आठवणी पुसून टाकल्या तर चालेल का?

उत्तर: तिला विचारून की न विचारता? न विचारता असेल तर तो दुसरा मांत्रिकच झाला. विचारून असेल तर मात्र मला वाचायचंय, कारण डोक्यातलं पुसलं तरी अंगातलं राहिलं असेल ना. वर पहिल्या उत्तरातली कडी घे, ती रात्री तीनदा उठून ती कडी चाचपतेय आणि आपण हे का करतोय तेच तिला माहीत नाही, आणि त्याला माहीत आहे.