लघवीची जळजळ अंगावर काढू नकोस

अगं, गरोदरपणात लघवीला जळजळ होतेय म्हणून सासूबाई म्हणतात ते धण्या-जिऱ्याचं पाणी जरूर पी, पण त्यावरच थांबू नकोस. पहिल्या खेपेला मी तेच केलं. उष्णता वाढली असेल म्हणून आठ दिवस काढले. मग एका रात्री दोन वाकळा पांघरूनही हुडहुडी थांबेना, उजव्या कुशीत नुसती कळ. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले होते.

या दिवसांत संप्रेरकांमुळे मूत्रनलिका सैल पडतात, वर गर्भाशयाचा दाब. लघवी साचून राहते आणि जंतू वाढतात. कधी काहीच त्रास नसतानाही ते असतात, म्हणून डॉक्टरांना युरीन कल्चरचं, म्हणजे लघवीतले जंतू शोधायच्या तपासणीचं, आपणहून विचार.

नमुना नीट दे. आधी पुढून मागे स्वच्छ धू, पहिली धार सोड, मधली तेवढी डबीत धर. डबीला आतून बोट लावू नकोस. आणि ती पिशवीत घालून महाद्वार रोडला भाजी घेत फिरू नकोस, थेट लॅबमध्ये दे. उशीर झाला की रिपोर्ट चुकतो.

मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नकोस, काही अँटिबायोटिक पोटुशीला चालत नाहीत. डॉक्टरांनी दिलेल्या मात्र शेवटपर्यंत घे. बाळाच्या काळजीने त्या टाळशील, तर उपचाराविना राहिलेल्या संसर्गानं कळाच वेळेआधी सुरू होऊ शकतात.

थंडी वाजून ताप, कुशीत कळ, उलट्या, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नकोस. रात्रीच रिक्षा करून कोल्हापूरचं सीपीआर हॉस्पिटल गाठ.