इंजिन उघडायच्या आधी नोटीस गेली पाहिजे

जुळे सोलापुरातल्या एका शिक्षकांचं पत्र आलं आहे. मोहोळ तालुक्यातल्या शाळेत रोजचं जाणं-येणं, म्हणून त्यांनी डिसेंबरात, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेआधी, शहरातल्याच एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून २०१६ ची डिझेल गाडी ४ लाख ३५ हजारांना घेतली. ३ लाख बँकेतून दिले, बाकीचे रोख. व्हॉट्सॲपवर डीलरनं लिहिलं होतं, ‘सिंगल ओनर, ६२ हजार रनिंग, इंजिन खोललेलं नाही.’ मार्चमध्ये ऊन तापलं तसा टेंपरेचरचा काटा वर जायला लागला. डीलरनं दोनदा गाडी ठेवून घेतली, कूलंट भरलं, थर्मोस्टॅट बदलला. एप्रिलच्या शेवटी सावळेश्वर टोलनाक्याच्या अलीकडे गाडी पांढरा धूर सोडून बंद पडली. मेकॅनिक म्हणतो, हेड गॅस्केट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलंय, हेडलाही चीर असेल, ३८ हजार लागतील, सोमवारी इंजिन उघडतो. आणि डीलर म्हणतो, ‘तुम्ही जशी आहे तशी गाडी घेतली म्हणून सही केलीय. मी तर फक्त मधला माणूस.’ पत्राच्या शेवटी प्रश्न आहे: मॅडम, पैसे परत मिळतील का?

सर, आधी एक काम करा. सोमवारी इंजिन उघडू देऊ नका. बाकी सगळं त्यानंतर.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. एका फोटोत हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर सीलंट बाहेर आलेलं दिसतं, आणि दोन बोल्टच्या कडा पान्यानं झिजल्यासारख्या वाटतात. मी मेकॅनिक नाही, त्यामुळे त्याचा अर्थ मी लावणार नाही. पण तुमचाच मेकॅनिक फोनवर म्हणाला की हे इंजिन एकदा उघडून बसवलेलं आहे. तसं असेल, तर ‘इंजिन खोललेलं नाही’ हे डीलरचं वाक्य खोटं ठरतं, आणि तुमची सगळी केस त्या एका वाक्यावर उभी राहते. तो पुरावा आज इंजिनवर आहे. सोमवारी दुपारपर्यंत तो डिझेलनं धुऊन निघालेला असेल आणि जुनं गॅस्केट भंगारात गेलेलं असेल.

हे मी उगाच सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पक्षकार आले होते. त्यांनी इंजिनकामाचं ६० हजारांचं बिल आणलं होतं आणि गाडी दुरुस्त होऊन दारात उभी होती. मी विचारलं, जुने पार्ट कुठे आहेत? ते म्हणाले, गॅरेजवाल्यानं ठेवून घेतले. समोरच्या वकिलांनी एकच प्रश्न लावून धरला: बिघाड विक्रीच्या दिवशी गाडीत होता, हे कशावरून? आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं. तक्रार खरी होती आणि ती फेटाळली गेली. त्याचा त्रास मला आजही होतो.

आता त्या सहीबद्दल. डिलिव्हरी नोटवर छापील ओळ असते: ‘गाडी ट्रायल घेऊन, मेकॅनिकला दाखवून, जशी आहे तशी ताब्यात घेतली, यापुढे कोणतीही तक्रार चालणार नाही.’ तुम्ही ती न वाचता सही केलीत, असं स्वतःच लिहिलंय. सव्वाचार लाखांच्या वर रक्कम मोजताना चार ओळी वाचायच्या नाहीत, आणि वर १ लाख ३५ हजार विनापावती रोख द्यायचे, हे विद्यार्थ्यांना व्याकरणाची चूक दाखवणाऱ्या माणसानं करायला नको होतं. पण त्या सहीनं सगळं संपत नाही. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ मध्ये असं आहे की वस्तूचा धंदाच करणाऱ्याकडून वर्णनावरून वस्तू घेतली तर ती विकण्याजोगी असली पाहिजे. घेणाऱ्यानं तपासली असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते तेवढेच दोष त्याच्या माथी. टायर गुळगुळीत होते, क्लच कडक होता, बॅटरी मेली, हे तुमच्या माथी. जुन्या गाडीची झीज कुणीही भरून देत नाही. हेडच्या आतली चीर ट्रायलमध्ये दिसत नाही.

त्याच कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे अशा गर्भित (न लिहिताही धरल्या जाणाऱ्या) अटी कराराने बाजूला ठेवता येतात, आणि डीलरचा वकील नेमकं तेच म्हणेल. म्हणून मी त्या कलमावर विसंबणार नाही. मी व्हॉट्सॲपच्या त्या वाक्यावर विसंबेन. डीलर नुसता गप्प बसला असता, तर ‘चौकशी करायचं काम तुमचं होतं’ असं म्हणायला त्याला थोडी जागा होती. पण तो गप्प बसला नाही, लिहून बोलला. खोटं आहे हे माहीत असताना केलेलं विधान म्हणजे करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मधली लबाडी, आणि छापील ओळ तिच्यावर पांघरूण घालू शकत नाही. त्यामुळे तो फोन बदलू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते आम्ही बघू.

उशिराचा फटका मात्र बसलाय, तो स्पष्ट सांगते. मार्चपासून दोन महिने तुम्ही नुसते फोन केलेत, कागदावर एक ओळ नाही. वस्तू नाकारायची असेल तर वाजवी मुदतीत तसं कळवावं लागतं. ठेवून घेतली, वापरली, तर ती स्वीकारली असं कायदा धरतो (माल विक्री कायदा, कलम ४२), आणि मग परत करण्याचा हक्क ढिला पडून उरते ती नुकसानभरपाई. म्हणजे ‘गाडी घ्या, पैसे द्या’ ही मागणी आज कमजोर आहे. आम्ही ती लिहू, कारण लबाडी सिद्ध झाली तर ग्राहक आयोग तसा आदेश देऊ शकतो. पण तुम्ही मनात धरा ती दुरुस्तीची रक्कम, टोइंगचा खर्च आणि थोडीफार मनस्तापाची भरपाई. त्यापेक्षा जास्त मिळालं तर चांगलंच. डीलरनं दोनदा गाडी ठेवून घेतली, हे उलट तुमच्या बाजूचं आहे. त्या दोन तारखांचे मेसेज किंवा फोटो असतील तर शोधून काढा.

नोटीस कशी द्यायची ते सांगते, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. ‘मला न्याय द्या’ अशी चार पानं नकोत, एक पान पुरे. गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, ताब्याची तारीख, व्हॉट्सॲपवरचं वाक्य जसंच्या तसं, बिघाडाची तारीख. आणि मग हे: गाडी अमुक गॅरेजमध्ये उभी आहे, अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता इंजिन उघडणार, तुम्ही किंवा तुमचा मेकॅनिक हजर राहा, न आल्यास तुमच्या गैरहजेरीत उघडलं जाईल आणि खर्च तुमच्याकडून मागितला जाईल. मध्ये पूर्ण सात दिवस जाऊ द्या. स्पीड पोस्टानं, पोच घेऊन पाठवा आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवरही टाका.

त्या दिवशी बॉनेट उघडण्यापासून हेड बाहेर येईपर्यंत न थांबवता व्हिडिओ घ्या. सुरुवातीला मीटरचं रीडिंग आणि चॅसिस नंबर त्यात दिसला पाहिजे. नात्यातले नसलेले दोघेजण हजर असू द्या. निघालेलं गॅस्केट आणि बोल्ट पिशवीत घालून, वर सगळ्यांच्या सह्यांची चिठ्ठी लावून घरी आणा. मेकॅनिककडून लेटरहेडवर, शिक्क्यासह लेखी घ्या, त्यात ‘इंजिन यापूर्वी उघडलेलं होतं का’ याचं उत्तर हवं. तुम्ही महिना-दोन महिने एसटीनं जाऊ शकत असाल, तर याहून पक्का रस्ता आहे: गाडी तशीच उभी ठेवायची, तक्रारीसोबतच तज्ज्ञ तपासणीचा अर्ज द्यायचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ मध्ये दोष तपासून घेण्याची सोय आहे. पण तज्ज्ञ नेमला जाऊन अहवाल यायला किती दिवस लागतील, याची हमी मी देणार नाही.

याच आठवड्यात आणखी एक करा. ज्या कंपनीची गाडी आहे तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन सर्व्हिस हिस्टरी मागा. प्रत्येक जॉब कार्डावर तारीख आणि मीटर रीडिंग असतं. दोन वर्षांपूर्वीच्या कार्डावर ९० हजार निघाले, तर ६२ हजारांचं काय ते कळेल. त्यांनी द्यायला नकार दिला तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. आयोगामार्फत मागवता येईल.

‘मी मधला माणूस’ हे प्रत्येक डीलर म्हणतो. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत नोंदणी झालेल्या जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी आरटीओचं अधिकारपत्र आवश्यक झालंय, आणि मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याचं कळवल्यावर डीलरच मालक समजला जातो. यांच्याकडे अधिकारपत्र आहे का, हे आरटीओत विचारा. नसेल तर तोही मुद्दा तक्रारीत जाईल. तुमचे ३ लाख त्यांच्या खात्यात गेलेत, हे त्याहून महत्त्वाचं. पैसे थेट मूळ मालकाच्या खात्यात गेले असते तर मी इतक्या खात्रीनं लिहिलं नसतं. स्वतःची गाडी विकणाऱ्या खासगी माणसाविरुद्ध ग्राहक आयोग सहसा उपयोगी पडत नाही, दिवाणी न्यायालयात जावं लागतं.

तक्रार सोलापूरच्या जिल्हा आयोगातच करता येईल. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे, पण त्या दोन वर्षांच्या भरवशावर राहू नका. तक्रार ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आणि ‘दोष’ म्हणून मांडायची. ‘अनुचित करार’ (म्हणजे एकतर्फी अटींचा करार) हा शब्द मुख्य मागणीत नको, तो विषय जिल्हा आयोगाच्या अखत्यारीत येत नाही, आणि नेमक्या याच चुकीनं तक्रारी अडकलेल्या मी पाहिल्या आहेत.

कायद्यात लिहिलंय की तक्रार तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढावी. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि हे मला चीड आणणारं आहे, कारण ज्याची गाडी बंद आहे तो प्रत्येक तारखेला रजा टाकून येतो. एक घड्याळ मात्र तुमच्या हातात आहे: आयोगाची नोटीस मिळाल्यापासून समोरच्यानं ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत म्हणणं दिलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ४ मार्च २०२० ला सांगितलंय की ४५ दिवसांपुढे एक दिवसही वाढवता येत नाही. ४६ व्या दिवशी आपण अर्ज द्यायचा.

पोलिसांत जाण्याबद्दल तुम्ही विचारलंय. आधी जॉब कार्ड हातात येऊ द्या. मीटर मागे फिरवल्याचं दिसलं तर बघू. आज गेलात तर ‘दिवाणी बाब आहे’ असं म्हणून परत पाठवण्याचीच शक्यता जास्त. तोवर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवून नंबर घेऊन ठेवा. निदान तारखेची नोंद होते.

आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे, हे वाचून मी थांबलेच. नावावर करून घेण्याचा अर्ज ३० दिवसांत द्यायला हवा होता, पाच महिने झालेत. विमा तुमच्या नावावर नसताना उद्या गाडीला काही झालं, तर तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. गाडी नावावर करण्याचे, सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३० तुमच्याकडे आहेत ना, मग या आठवड्यात आरटीओ. मात्र त्या कामासाठी डीलरकडून कुठल्याही नव्या कागदावर सही करून देऊ नका, विशेषतः ‘काही तक्रार नाही’ अशा मजकुरावर.

मेकॅनिकला आज संध्याकाळीच फोन करा: इंजिनला हात लावायचा नाही, गाडी आहे तशी आत ओढून ठेवायची. जागेचं भाडं मागितलं तर द्या आणि पावती घ्या.